गिटार पेडलचे पार्ट ऑनलाइन घेताना: आधी यादी, मग कार्ट

माझा भाचा खारघरला असतो, अकरावीत आहे, दोन वर्षं गिटार वाजवतोय. गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला त्याने व्हॉट्सॲपवर कार्टचा स्क्रीनशॉट पाठवला, बिल अठराशे चाळीस रुपये, आणि खाली मेसेज, मामा हे ऑर्डर करू का, पेडल बनवायचंय. (पेडल म्हणजे गिटार आणि अँप्लिफायर यांच्या मध्ये जोडायचा, पायाने चालू-बंद करायचा छोटा डबा.) कार्टमध्ये काय होतं तर सहाशे रेझिस्टरचं किट, पाचशे सिरॅमिक कॅपॅसिटरचं किट, सतरा प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा डबा, शंभर एलईडी, एक ब्रेडबोर्ड आणि हेडफोनला लागतात तसले साडेतीन एमएमचे जॅक. आणि बनवायचं काय होतं, तर एका ट्रान्झिस्टरचा बूस्टर, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारं पेडल. त्यात फूटस्विच नव्हता, डबा नव्हता, गिटारची केबल बसेल असा जॅक नव्हता. म्हणजे अठराशे रुपये देऊन पार्सल आलं असतं आणि पेडल तरीही झालं नसतं.

मी त्याला फोन केला, म्हटलं कार्ट बंद कर, वही काढ. ते जे बोललो तेच इथे नीट लिहितोय, कारण हे सगळ्यांचंच होतं. साइटवर किट दिसतात, शंभर नगांचा भाव बघून स्वस्त वाटतं, आणि जे खरंच लागणार असतं ते राहून जातं.

तर पहिली गोष्ट, पेडल आधी ठरवा आणि त्याचा सर्किट डायग्राम समोर ठेवून प्रत्येक पार्ट कागदावर उतरवा. पहिल्या पेडलसाठी मी नेहमी एलपीबी-१ सांगतो, इलेक्ट्रो हार्मोनिक्स या न्यूयॉर्कच्या कंपनीने साठच्या दशकाच्या शेवटी काढलेला बूस्टर, आत एक ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, दोन कॅपॅसिटर आणि एक पॉट (नॉबने फिरवायचा बदलता रेझिस्टर), बास. रेझिस्टर ४३० के (के म्हणजे हजार ओहम), ४३ के, १० के आणि ३९० ओहम, कॅपॅसिटर दोन्ही ०.१ मायक्रोफॅरड, पॉट १०० के. आता ४३० के आपल्याकडे सहज मिळत नाही, पण ४७० के सगळीकडे मिळतो, फक्त तो घेतला की ४३ के च्या जागी ४७ के घ्या म्हणजे दोघांचं प्रमाण तेच राहतं आणि ट्रान्झिस्टरचं बायस, म्हणजे त्याचं ठरलेलं व्होल्टेज, हलत नाही. ट्रान्झिस्टरला बीसी ५४९सी किंवा २एन ५०८८, नाहीच मिळाला तर साधा बीसी ५४७ सुद्धा चालतो, एक-दोन रुपयाला येतो.

हे झालं सर्किट. पण यादी इथे संपत नाही, आणि भाच्याची फसगत इथेच होणार होती. प्रत्येक पेडलला, मग आत काहीही असो, हे लागतंच: दोन ६.३५ एमएमचे जॅक, एक थ्रीपीडीटी फूटस्विच (एका दाबात तीन जोडण्या बदलणारा पायाचा स्विच), एक डीसी सॉकेट, एक एलईडी आणि त्याचा ४.७ के चा रेझिस्टर, उलटी बॅटरी लागली तर वाचवायला एक १एन ५८१७ डायोड, सप्लायवर १०० मायक्रोफॅरडचा एक इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, इनपुटला ग्राउंडकडे जाणारा १ मेगचा एक रेझिस्टर (तो नसेल तर स्विच दाबला की अँपमधून ठप्प असा आवाज येतो), नॉब, वायर आणि डबा. खरं बिल या यादीचं होतं. सर्किटचे पार्ट पंचवीस-तीस रुपयांचे आणि हे बाकीचं पाच-सहाशेचं, त्यामुळे काटकसर कुठे करायची हे उघड आहे, रेझिस्टरवर पाच पैसे वाचवून काही होत नाही.

रेझिस्टर पाव वॉटचे मेटल फिल्म, १ टक्कावाले घ्या, निळसर रंगाचे येतात. अर्ध्या वॉटचे घेऊ नका, पाय जाड असतात आणि तयार पीसीबीच्या (छापील सर्किट बोर्डाच्या) भोकात जात नाहीत. रेझिस्टरचं किट घ्यायला माझी हरकत नाही, पुढे दहा पेडल बनवणार असाल तर वापरलं जातंच, फक्त यादीतल्या व्हॅल्यू त्यात आहेत का ते बघून घ्या. पेडलमध्ये १ के, ४.७ के, १० के, ४७ के, १०० के, ४७० के आणि १ मेग याच सारख्या लागतात, या सात व्हॅल्यूंचे प्रत्येकी पंचवीस घेतले तर किटपेक्षा बरं पडतं. ट्रान्झिस्टरचं किट मात्र घेऊ नका, त्यातले बरेचसे प्रकार तुम्हाला आयुष्यात लागणार नाहीत.

कॅपॅसिटरमध्ये लोक फार गोंधळतात. गिटारचा सिग्नल ज्यातून जातो तिथे फिल्मवाले घ्या, चौकोनी बॉक्स टाइप सगळ्यात छान, पायांमधलं अंतर ५ एमएम. हिरवे पॉलिएस्टर त्याहून स्वस्त आणि तेही चांगलेच चालतात. पिकोफॅरडच्या व्हॅल्यूंना सिरॅमिक घ्या. पण ०.१ मायक्रोचा स्वस्त सिरॅमिक सिग्नलमध्ये टाकला तर कधीकधी डब्यावर टिचकी मारली तरी अँपमधून टकटक ऐकू येते. व्होल्टेज बघा, आपलं पेडल ९ व्होल्टचं, त्याला ६३ किंवा १०० व्होल्टचा फिल्म कॅपॅसिटर भरपूर झाला. साइटवर सर्चमध्ये ४०० आणि ६३० व्होल्टचे पिवळे मोठे आधी दिसतात, ते घेतले तर डब्यात मावणारच नाहीत. इलेक्ट्रोलिटिक २५ व्होल्टचे घ्या, झालं काम. आणि अंगावरचे आकडे पाठ करून टाका, १०४ म्हणजे ०.१ मायक्रो म्हणजेच १०० नॅनो, १०३ म्हणजे १० नॅनो, ४७३ म्हणजे ४७ नॅनो. एका साइटवर मायक्रोमध्ये लिहितात, दुसरीवर नॅनोमध्ये, आणि एकच गोष्ट दोनदा ऑर्डर होते.

पैसे खर्च करायचे ते फूटस्विच, जॅक आणि पॉटवर. कारण पायाखाली येतो स्विच, रोज केबल घुसते ती जॅकमध्ये आणि फिरतो तो पॉट, बाकी सगळं डब्यात शांत बसलेलं असतं.

फूटस्विच घेताना नऊ पायांचा थ्रीपीडीटी आणि 'लॅचिंग' लिहिलेलंच घ्या. मोमेंटरी म्हणून मिळतो तो दिसायला अगदी तसाच पण दाबून ठेवाल तेवढाच वेळ चालू राहतो. फोटोवरून कळत नाही, डिस्क्रिप्शन वाचा, लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याला विचारा. स्वस्तातल्या स्विचचं प्लास्टिक उष्णतेने मऊ होतं आणि आतला काँटॅक्ट तिरका बसतो, म्हणून सोल्डर करताना एका पायावर दोन-तीन सेकंदापेक्षा जास्त कावीया (सोल्डरिंग आयर्न) धरू नका, एक पाय झाला की लांबचा दुसरा घ्या. मी कायम एक स्विच जास्तीचा मागवतो, पुन्हा शिपिंग भरण्यापेक्षा ते परवडतं.

जॅक शोधताना ६.३५ एमएम टाकून कधी सापडतं कधी नाही, 'पी ३८ सॉकेट' टाका, आपल्या मार्केटमध्ये तेच नाव चालतं. आउटपुटला मोनो, इनपुटला स्टिरिओ. स्टिरिओ एवढ्यासाठी की बॅटरीची मायनस वायर रिंगच्या पायाला जोडली की केबल लावल्यावरच पेडल चालू होतं, नाहीतर बॅटरी रात्रभर उतरत राहते. पत्र्याचे पातळ जॅक चार-सहा महिन्यांत सैल होतात आणि स्टेजवर खरखर सुरू होते, त्यापेक्षा वीस रुपये जास्त द्या.

पॉटचं एक लक्षात ठेवा, अंगावर ए१००के लिहिलेलं असेल तर लॉग, बी१००के असेल तर लिनियर. लिनियर म्हणजे सारख्या चालीने वाढणारा, लॉग म्हणजे सुरुवातीला हळू आणि पुढे भरभर. आपल्याकडच्या साइटवर बहुतेक सगळे बी. व्हॉल्यूमला बी लावला तर पहिल्या थोड्याशा फिरवण्यातच सगळा आवाज येतो आणि पुढे नुसताच नॉब फिरतो. लॉग मिळत नसेल तर १०० के च्या लिनियर पॉटला मधला पाय आणि ग्राउंडचा पाय यांच्यामध्ये १५ के चा रेझिस्टर लावा, चाल बरीचशी लॉगसारखी होते. शाफ्ट पण बघा, दाते असलेली आहे की गोल ६ एमएमची की डी आकाराची, त्याप्रमाणे नॉब. हे दोन्ही एकाच साइटवरून, एकाच ऑर्डरमध्ये घ्या.

बोर्डबद्दल एक. परदेशातले वेरोबोर्डचे लेआउट बघून बनवणार असाल तर सांभाळा, त्यात तांब्याच्या सलग पट्ट्या धरलेल्या असतात. आपल्याकडे झिरो पीसीबी म्हणून जो मिळतो त्यावर बहुतेक वेळा सुटे ठिपके असतात, पट्ट्या नसतात. तो लेआउट त्यावर टाकला तर काहीच काही जोडलेलं नसणार. ठिपकेवाल्यावरही बनतं, पण मागून वायरने जोडत जावं लागतं. पट्टीवाला हवा असेल तर 'स्ट्रिपबोर्ड' असं शोधा आणि मागच्या बाजूचा फोटो बघूनच घ्या.

डबा म्हणजे ॲल्युमिनियमचा डायकास्ट बॉक्स. १५९०बी आणि १२५बी ही नावं सगळीकडे दिसतील, १५९०बी हा हॅमंड कंपनीचा मॉडेल नंबर आहे पण त्या मापाचे बॉक्स बाकीचे पण बनवतात आणि त्याच नावाने विकतात, १२५बी हे नाव मात्र बाकीच्यांचं, हॅमंडमध्ये तो १५९०एन१. १५९०बी साधारण ११२ बाय ६० एमएम, उंची ३१. पहिल्यांदा करत असाल तर १२५बी घ्या, थोडा मोठा आणि उंच असतो, जॅक आणि स्विच एकमेकांवर आदळत नाहीत. बिनरंगाचा घ्या, स्वस्त पडतो, रंग नंतर स्प्रेने मारता येतो. प्लास्टिकचा डबा घेऊ नका, शिल्डिंग नसलं की घरातल्या ट्यूबलाइटची आणि चार्जरची गुणगुण सगळी अँपमध्ये येते. भोकं फूटस्विचला १२ एमएम, पॉटला ७, जॅकला १० च्या आसपास. घरी ड्रिल नसेल तर ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भे एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाले आहेत, खुणा करून नेल्या तर करून देतात.

आता घ्यायचं कुठून. पुण्याची रोबू आहे, आणखी बऱ्याच भारतीय साइट आहेत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या काही दुकानांनी पण स्वतःच्या साइट काढल्यात. या सगळ्यांवर रेझिस्टर, कॅपॅसिटर, आयसी, डायोड सहज मिळतात, पेडलचे खास पार्ट, म्हणजे लॉग पॉट, थ्रीपीडीटी, १२५बी, हे एकाच ठिकाणी मिळेलच असं नाही. मोठ्या मार्केटप्लेसवर एकेक नग महाग दिसतो कारण शिपिंग बऱ्याचदा किमतीतच घातलेलं असतं, तिथून फक्त ती वस्तू घ्या जी दुसरीकडे मिळत नाहीये. माउझर आणि डिजीकी या परदेशी साइटवर माल शंभर टक्के अस्सल, आयसी आणि ट्रान्झिस्टरसाठी त्यांच्यासारखं दुसरं नाही, पण छोट्या ऑर्डरला डिलिव्हरीचा खर्च जड जातो. चार-पाच मित्रांनी मिळून ऑर्डर केली तरच परवडतं. थायलंडची टायडा पेडलवाल्यांमध्ये जगभर प्रसिद्ध आहे, डब्यापासून नॉबपर्यंत सगळं तिथे मिळतं, पण बाहेरून मागवलं की कस्टम ड्युटी, आयजीएसटी, कुरिअरचे चार्जेस आणि केवायसीचे कागद हे सगळं धरूनच हिशोब करा. आणि जुने व्हिडिओ बघून अलीएक्स्प्रेस शोधत असाल तर ते ॲप नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने बंद केलंय.

शिपिंगचा हिशोब मी असा करतो. यादी वहीत, समोर तीन रकाने, तीन साइट. प्रत्येकीवर काय आहे आणि कितीला आहे ते लिहायचं, खाली शिपिंग आणि जीएसटी मिळवायचा, काही साइटवर दिसणारी किंमत जीएसटी सोडून असते आणि १८ टक्के शेवटच्या पानावर चढतात. पंधरा रुपयाच्या एका आयसीसाठी सत्तर रुपये शिपिंग भरायचं नाही, त्यापेक्षा तो पार्ट जिथे बाकी सगळं मिळतंय तिथे पंचवीसला असला तरी तिथूनच घ्या. भाच्याची यादी अशी लावली तेव्हा दोन साइटवर मिळून सगळं आलं, शिपिंग धरून सातशे तीस रुपये. त्यात डबा, स्विच आणि पुढच्या पेडलला पुरतील एवढे रेझिस्टर पण आले.

आणि घाई असेल, एखादाच पार्ट अडला असेल, तर लॅमिंग्टन रोड आहेच. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं. ठाण्याहून दादरला बदलायचं, ग्रँट रोडला उतरायचं, तिथून चालत. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. तिथे हातात घेऊन बघता येतं, पॉट फिरवून बघता येतो, त्याची सर कुठल्या साइटला नाही.

आता नकली मालाबद्दल, कारण मला यात स्वतःला फटका बसलाय. जेफेट प्रकारातले ट्रान्झिस्टर, विशेषतः जे २०१ आणि २एन ५४५७, पेडलच्या जुन्या सर्किटमध्ये खूप दिसतात. मोठ्या कंपन्यांनी त्यांचे तीन पायांचे टीओ-९२ वाले प्रकार बनवणं केव्हाच थांबवलंय, बारीक एसएमडीमध्ये (बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणाऱ्या आकारात) मात्र मिळतात. त्यामुळे कुठे दहा नग स्वस्तात तीन पायांचे जे २०१ दिसले तर थांबा. मी दोन वर्षांपूर्वी एका विक्रेत्याकडून असे दहा घेतले, सर्किट बनवलं, आवाज चिरका आणि अडखळत यायचा, आठवडाभर मी माझंच सोल्डरिंग तपासत बसलो. शेवटी एक ट्रान्झिस्टर काढून मोजला. मल्टिमीटर २० मिलीअँपवर ठेवायचा, ९ व्होल्ट बॅटरीचा प्लस मीटरमधून ड्रेनला द्यायचा, गेट आणि सोर्स एकत्र करून मायनसला (ड्रेन, गेट, सोर्स ही त्याच्या तीन पायांची नावं). खऱ्या जे २०१ मध्ये हा करंट ०.२ ते १ मिलीअँपच्या मध्ये येतो. माझ्या मीटरवर साडेसहा आला. दहाच्या दहा तसेच. मग नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन अंगावर घासलं तर वरची अक्षरं कापसावर आली आणि खाली घासून सपाट केलेला खरबरीत काळा पृष्ठभाग दिसला. तोवर परत करायची मुदत संपली होती. तेव्हापासून अशा सर्किटला मी एसएमडीवाला घेतो आणि सोबत त्याचा छोटा ॲडाप्टर बोर्ड, त्यावर सोल्डर करायला भिंग लागतं पण माल खरा असतो.

जर्मेनियमवाल्या १एन ३४ए डायोडचं पण तसंच आहे. मीटर डायोड मोडवर ठेवून बघा, साधा १एन ४१४८ सिलिकॉनचा साधारण ०.६ दाखवतो, जर्मेनियम ०.३ च्या आसपास. ०.६ आला तर तो १एन ३४ए नाही. काचेच्या आत मोबाइलचा टॉर्च मारून बघा, खऱ्या जुन्या पॉइंट काँटॅक्ट डायोडमध्ये केसासारखी बारीक तार वाकून एका ठिपक्याला टेकलेली दिसते. ती बघायला मला अजूनही फार आवडतं. ४५५८ सारख्या आयसीचं मात्र एवढं टेन्शन घेऊ नका, कुठल्याही चांगल्या कंपनीचा घ्या आणि आयसी बेस लावून बसवा, म्हणजे नंतर टीएल ०७२ टाकून पण ऐकता येतं.

म्हणून पार्सल आलं की त्याच दिवशी उघडा. सोसायटीच्या वॉचमनकडे तीन दिवस पडून राहतं आणि इकडे परत करायची मुदत चाललेली असते. उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, पाकीट सीलबंद असल्यापासून. भाच्याचं पार्सल आलं त्या रविवारी मी खारघरला गेलो, आम्ही दोघं जेवायच्या टेबलावर पांढरी चादर टाकून बसलो, छोट्या वाट्या मांडल्या आणि एकेक मोजायला घेतलं. निळ्या रेझिस्टरवर पाच पट्टे असतात आणि निळ्यावर तपकिरी आणि लाल ट्यूबलाइटमध्ये सारखेच दिसतात, म्हणून रंग वाचत बसायचं नाही, प्रत्येक पट्टीतला एक मीटरला लावायचा आणि पाकिटावर पेनने लिहून टाकायचं. त्यात १० के च्या पाकिटात १ के निघाले. तसेच लावले असते तर बूस्टर नुसता बारीक आवाज करत बसला असता आणि पोरगं म्हणालं असतं मला जमत नाही. विक्रेत्याला मीटरचा फोटो पाठवला, त्याने नवे पाठवले.

ट्रान्झिस्टरचे पाय पण तेव्हाच तपासा. चपटी बाजू आपल्याकडे, पाय खाली, तर बीसी ५४७ आणि ५४९ ला डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन ३९०४ आणि २एन ५०८८ ला बरोबर उलटं, एमिटर, बेस, कलेक्टर. एकाच्या जागी दुसरा लावताना फिरवून लावावा लागतो. पुढे बरीच पेडल बनवायची असतील तर एलसीआर-टी४ नावाचा छोटा टेस्टर घेऊन ठेवा, पार्ट अडकवला की पाय आणि गेन (सिग्नल किती पट वाढवतो ते) दोन्ही स्क्रीनवर येतात.

एक ॲडाप्टरचं राहिलं. गिटार पेडलला ९ व्होल्ट डीसी, मधली पिन मायनस, सॉकेट २.१ एमएमचं. घरातल्या राउटरच्या ॲडाप्टरची मधली पिन प्लस असते, बसतो अगदी तसाच, म्हणून तो उचलून लावायचा मोह होतो. ॲडाप्टरवरचं गोल चिन्ह बघा, मधल्या ठिपक्याची रेघ मायनसकडे जायला हवी. यादीतला १एन ५८१७ त्याचसाठी सांगितला होता, लावला नसेल तर आजच लावा.

नवे रेझिस्टर आल्यावर भाच्याचा बूस्टर एका संध्याकाळी सातला वाजला. पहिल्यांदा आवाजच आला नाही, बघतो तर आउटपुट जॅकच्या दोन्ही वायर उलट्या होत्या, त्या त्यानेच शोधल्या आणि त्यानेच बदलल्या. आता त्याला फझ फेस (आवाज फाटका करणारं पेडल) करायचाय, लंडनच्या आर्बिटरचा १९६६ चा, दोन ट्रान्झिस्टरवाला. यादी त्याने वहीत लिहून पाठवलीये, ३३ के, ८.२ के, ४७० ओहम, १०० के, पॉट १ के आणि ५०० के, आणि यावेळी फूटस्विच दोन.